डाव्या डोळ्याची आर्द्रा

आधी एक डोळा तळहाताने झाकायचा, मग दुसरा. मिटायचा नाही, झाकायचा. डोळा मिटला की चेहरा आवळतो आणि उघड्या डोळ्यालाही ताण बसतो, असं ते सांगत. दिवेलागणीला गच्चीवर उभा राहून, तळहात डोळ्यावर अलगद ठेवून आकाशाकडे पाहणारा एक उंच, जरासा वाकलेला माणूस तुम्हा दोघा नातवंडांना आठवत असेल. तुम्ही त्यांना गच्चीवाले आजोबा म्हणत होता. मीही इथे त्यांचं नाव लिहीत नाही. ते गेले हे मी तुम्हाला फोनवर सांगितलं, पण फोनवर जेवढं सांगता येतं तेवढंच सांगितलं. राहिलेलं इथे लिहिते आहे. त्यात माझी एक चूक आहे, तीही लिहायची आहे.

दीक्षितपुऱ्यातली आपली गच्ची आणि त्यांची गच्ची यांच्यामध्ये गुडघ्याएवढी भिंत आहे. ती ओलांडून ते कधी इकडे आले नाहीत, ते असेपर्यंत मी कधी तिकडे गेले नाही. आमचं जवळजवळ सगळं बोलणं त्या भिंतीच्या दोन बाजूंना उभं राहून झालं. तुमचे आजोबा आणि ते एकाच कारखान्यात होते, म्हणून मी त्यांना भाऊजी म्हणे आणि ते मला वहिनी. ते तपासणी विभागात होते. तयार झालेला भाग बरोबर मापाचा आहे की नाही, हे ज्या पोलादी मापाने बघतात त्याला गेज म्हणतात. भाग गेजमध्ये बसला तर पास, नाही बसला तर रिजेक्ट. नोकरीभर त्यांनी हे एकच काम केलं आणि निवृत्त झाल्यावर तेच काम आकाशात सुरू केलं.

गल्लीत सगळ्यांना वाटे की त्यांच्याकडे मोठी दुर्बीण असणार. त्यांच्याकडे दुर्बीण नव्हती. एक लाकडी स्टूल होतं, लाल कागद चिकटवलेली टॉर्च होती आणि कापडी बांधणीचं रजिस्टर होतं. काही ताऱ्यांचं तेज कमीजास्त होत असतं. ते किती झालं हे नुसत्या डोळ्यांनी अंदाजून लिहायचं आणि परदेशातल्या एका संस्थेला पाठवायचं, असं काम जगभरचे हौशी लोक करतात. त्यांनी आपल्यासाठी एकच तारा घेतला होता, आर्द्रा. मृग नक्षत्रात हरणाचे चार पाय म्हणून जे चार तारे दाखवतात, त्यातला लालसर पाय.

पद्धत त्यांनी मला सराफ्यातल्या उदाहरणाने समजावली. सोनार आपलं सोनं कसोटीच्या दगडावर घासतो आणि शेजारी माहीत असलेल्या कसाच्या दोन रेघा ओढतो. आपली रेघ त्या दोघींच्या मध्ये कुठे बसते ते बघतो. तसंच आकाशात. हरणाचा सगळ्यात तेजस्वी पांढरा पाय म्हणजे राजन्य, त्याला दहा मानायचं. मंद पांढऱ्या पायाला शून्य. आर्द्रा मध्ये कुठे? सात? आठ? तो आकडा, वेळ, आकाश स्वच्छ की धूसर, एवढं लिहिलं की झालं. पाच मिनिटांचं काम. ते करायला ते अर्धा तास आधी येऊन अंधारात डोळे निववत बसत.

"दिसलं तेच लिहायचं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "दिसायला पाहिजे ते नाही. चलो."

हे इथल्या हिंदीतलं 'चलो' ते रजिस्टर मिटताना म्हणत.

माईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, ह्या प्रकाराचा राग नव्हता, पण त्या बोलल्याशिवाय राहत नसत. एकदा कपडे काढायला त्या वर आल्या आणि मला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "चाळीस वर्षं झाली लग्नाला ताई, माझ्याकडे कधी एवढं निरखून पाहिलं नाही ह्यांनी."

भाऊजी डोळ्यावरचा हात न काढता म्हणाले, "जे बदलते त्याच्यावर लक्ष ठेवावं लागते. तू कुठं बदलून राहिली?"

माई बादली उचलून खाली गेल्या, पण जाताना हसत होत्या.

तुम्ही सुट्टीत आलात तेव्हा आपण त्यांना घेऊन बरगीला गेलो होतो, ते आठवतं का? धरणाच्या पाण्यावर इतके तारे होते की धाकटा घाबरून माझ्या पदराशी आला. मग धीर करून त्याने विचारलं, किती तारे आहेत. भाऊजी म्हणाले, "मोजले नाहीत, म्हणून सांगता येत नाही." मोठ्या माणसाने मुलाला 'माहीत नाही' म्हणून सांगितलेलं मी क्वचितच ऐकलं आहे. त्याच संध्याकाळी पाण्यालगत एक लाल ठिपका दिसला आणि त्यांनी तो लिहून घेतला. थोड्या वेळाने ठिपका सरकू लागला. कोळ्याच्या नावेवरचा कंदील निघाला. मोठी खूप हसली. त्यांनी नोंद खोडली नाही, तिच्यावर एकच सरळ रेघ मारली, खालचं अक्षर वाचता येईल अशी, आणि शेजारी लिहिलं, 'कंदील'. मी विचारलं, फाडून का टाकत नाही? ते म्हणाले, "मी चुकलो हेही दिसलंच ना, वहिनी."

आता मुख्य गोष्ट.

काही वर्षांपूर्वी हिवाळ्यात आर्द्रा खरोखरच मंद झाली. टीव्हीवर ती फुटणार म्हणून सांगू लागले. गल्लीतले लोक भाऊजींना रस्त्यात थांबवून विचारत. भाऊजींना मात्र ती तेवढी मंद दिसत नव्हती. ते म्हणत, कमी झाली आहे, पण एवढा गाजावाजा करण्याजोगी नाही. त्यांच्या रजिस्टरात तीन, साडेतीन असे आकडे होते. माझ्याकडे इंग्रजी शिकायला येणारी कॉलेजातली एक मुलगी त्या दिवसांत वर येऊन त्यांच्याकडून हे शिकत होती. तिने एका संध्याकाळी आपल्या वहीत एक हा आकडा लिहिला. म्हणजे जवळजवळ मंद पायाएवढीच.

त्यांनी तिची वही पाहिली. "पेपरात वाचून आलीस ना, पोरी? दिसलं तेच लिहायचं."

तिने पुन्हा वर पाहिलं, रबर घेतलं, एक खोडला आणि तीन लिहिले. मी भिंतीच्या ह्या बाजूला उभी होते. मला त्यांचं कौतुक वाटलं. सगळं जग एक म्हणत असताना आपल्या डोळ्यांवर उभा राहणारा माणूस, असं मी तेव्हा मनात म्हटलंही होतं.

त्यानंतर तीन वर्षांनी दिवाळी झाल्यावर त्यांच्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डाव्याचं दोन महिन्यांनी करायचं ठरलं होतं. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर जानेवारीत ते पहिल्यांदा गच्चीवर आले. मृग पूर्वेला चांगला वर आला होता. मीही मुद्दाम आले होते. माझी दोन्ही ऑपरेशनं झालेली असल्यामुळे पहिल्या दिवशी कसं वाटतं ते मला माहीत होतं.

त्यांनी डावा डोळा झाकला आणि बराच वेळ पाहिलं. "राजन्य निळा आहे, वहिनी," ते म्हणाले. "मी पांढरा म्हणत होतो."

मी अभिनंदन केलं. त्यांनी हात बदलला. उजवा झाकला, डाव्याने पाहिलं. पुन्हा डावा झाकला. असं आठदहा वेळा केलं. मग स्टूल जवळ असूनही ते पाण्याच्या टाकीला टेकून खालीच बसले. टॉर्च लावली नाही, रजिस्टर उघडलं नाही. त्या दिवशी 'चलो' म्हटलं नाही.

दोन दिवस ते वर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी रजिस्टर घेऊन भिंतीपाशी आले आणि मला समजेल अशा रीतीने सांगू लागले. मोतीबिंदूने डोळ्यातलं भिंग पिवळं होतं. पिवळ्या काचेतून निळा उजेड कमी येतो, लाल तसाच येतो. म्हणजे राजन्य आणि तो मंद पाय, दोन्ही निळसर तारे, त्यांना वर्षानुवर्षं खरे होते त्याहून मंद दिसत होते आणि त्यांच्याशी ताडून बघितलेली लाल आर्द्रा जास्त तेजस्वी वाटत होती. कसोटीच्या रेघाच फिक्या झाल्या होत्या. ते रोज एकेक डोळा झाकून तपासत, पण दोन्ही डोळे सारखेच पिवळे होत गेले, त्यामुळे फरक कधी कळला नाही.

"गेज घासलेलं निघालं, वहिनी," ते म्हणाले. "मी दिसलं तेच लिहिलं. पण दिसतच चुकीचं होतं."

कारखान्यात गेज घासलेलं सापडलं की एक नियम असे. ते शेवटचं बरोबर ठरलं होतं त्या दिवसापासून त्याने पास केलेला सगळा माल परत मागवायचा आणि पुन्हा तपासायचा. पाठवून दिलेला असला तरी. त्यांनी तोच नियम स्वतःला लावला. जुन्या चष्म्याच्या कागदांवरून त्यांनी हिशेब केला की डोळे पाच वर्षांपासून बिघडत होते. पाच वर्षांच्या नोंदी परत घ्यायच्या. संस्थेला तसं पत्र लिहायचं, आणि ते इंग्रजीत मी लिहायचं, कारण त्यांची आजवरची सगळी पत्रं मीच लिहिली होती.

त्यांनी मजकूर सांगितला, मी कच्चा उतरवून घेतला. माझ्या पाच वर्षांच्या नोंदी चुकीच्या आहेत, त्या रिजेक्ट समजाव्यात. आर्द्रा सर्वांत मंद होती तेव्हा मी ती मंद नाही असं कळवलं, ते चूक होतं. त्या काळात एका विद्यार्थिनीने बरोबर नोंद केली होती, ती मी तिला बदलायला लावली. एवढंच.

आता माझी चूक. मी ते पत्र तसं लिहिलं नाही. मुलांनो, मी आयुष्यभर मुलींना सभ्य इंग्रजी पत्रं लिहायला शिकवली. स्वतःविषयी इतकं उघडंबोडकं लिहिणारं पत्र माझ्या हातून उतरेना. पाच वर्षं रोज संध्याकाळी उभं राहून केलेलं काम एका वाक्यात कचऱ्यात टाकायचं, हे मला सहनही होईना. म्हणून मी लिहिलं की दृष्टीच्या किरकोळ तक्रारीमुळे अलीकडच्या नोंदी थोड्या सावधपणे वापराव्यात अशी नम्र विनंती आहे. मुलीची गोष्ट गाळली. त्यांनी भिंतीपलीकडून विचारलं, काय लिहिलं ते सांगा. मी त्यांनी सांगितलेला मजकूरच मराठीत वाचून दाखवला. समोर कागद एक होता आणि मी वाचत दुसराच होते. त्यांनी मान डोलावली आणि मी ते त्यांच्या ईमेलवरून पाठवून दिलं.

आठ दिवसांनी त्यांच्या मोबाइलवर उत्तर आलं. फार प्रेमळ उत्तर होतं. आपण इतक्या वर्षांचे विश्वासू निरीक्षक आहात, किरकोळ तक्रारीची नोंद घेतली आहे, नोंदींना हात लावण्याची गरज वाटत नाही, प्रकृतीला जपा.

त्या संध्याकाळी ते गच्चीवर आले नाहीत. खाली पुढच्या दाराची घंटा वाजली. दारात ते उभे होते, हातात मोबाइल, पायातली चप्पल बाहेर नीट काढून ठेवलेली. आपल्या घरात ते तुमचे आजोबा गेल्यानंतर प्रथमच येत होते. मी बसा म्हटलं. ते बसले नाहीत.

"मला इंग्रजी लिहिता येत नाही, वहिनी. सावकाश वाचता येते," ते म्हणाले. "माझं पत्र खाली चिकटून आलं आहे. ह्यात पोरीचं कुठं आहे?"

मी म्हटलं, तुमची बदनामी होऊ नये म्हणून.

त्यांनी आवाज चढवला नाही. "तुम्हाला मी जसा दिसलो तसं तुम्ही लिहिलं. पण सही माझी आहे." मग म्हणाले, "त्या आकड्यांवरून कोणी हिशेब करून राहिला असेल तिकडे. त्याला काहून फसवायचं?"

मी त्यांच्यासमोरच टेबलाशी बसले आणि दुसरं पत्र लिहिलं. त्यांनी शब्द सांगितला की मी तोच शब्द लिहायची. चुकीच्या म्हणजे चुकीच्या. रिजेक्ट म्हणजे रिजेक्ट. आधीचं पत्र मी मवाळ केलं होतं, हेही शेवटी माझ्या नावाने लिहिलं. ते त्यांनी सांगितलं नव्हतं. लिहून झाल्यावर त्यांनी ओळीवर बोट ठेवत सबंध वाचलं, त्या मुलीचं वाक्य दोनदा वाचलं, आणि मग पाण्याचा पेला मागितला. त्या मुलीचा नंबरही माझ्याकडून घेतला. ती आता नागपूरला बँकेत आहे. त्यांनी तिला फोन करून सांगितलं की तुझा एक बरोबर होता. तिला तो दिवस आठवतही नव्हता, असं तिने मला नंतर सांगितलं. त्यांना मात्र तिच्या वहीचं पान कोणत्या रंगाचं होतं तेही आठवत होतं.

पण परत मागवलेला माल नुसता टाकून द्यायचा नसतो, पुन्हा मोजायचा असतो. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन अजून व्हायचं होतं. ते त्यांनी पुढे ढकललं.

"घासलेलं गेज अजून माझ्याजवळ आहे," ते म्हणाले. "ते फेकून दिलं तर किती घासलं होतं ते कसं कळणार?"

मृग संध्याकाळी दिसत राहील तोपर्यंत, म्हणजे एप्रिल संपेपर्यंत, रोज दोन्ही डोळ्यांनी वेगवेगळी नोंद करायची. उजव्याने सात तर डाव्याने किती? हा फरक पक्का झाला की जुने आकडे दुरुस्त करता येतील.

माई ह्यावर खरोखर चिडल्या. एक डोळा नवा आणि एक जुना असला की अंतराचा अंदाज चुकतो. भाऊजी चहा कपाशेजारी ओतू लागले होते. गच्चीचा जिना लोखंडी आणि अरुंद. मार्चमध्ये ते शेवटच्या दोन पायऱ्या चुकले आणि गुडघा सोलवटून घेतला. माई मला भिंतीपाशी बोलावून म्हणाल्या, "तुम्ही तरी सांगा ताई. त्या ताऱ्याला काही होत नाही, ह्यांचं हाड मोडलं तर मी काय करू?"

मी सांगितलं नाही. एकदा त्यांच्या वतीने मी ठरवलं होतं, ते पुरे होतं. मी माईंना एवढंच म्हटलं की जिन्याला दोरी बांधू या. दुसऱ्या दिवशी माईंनी स्वतः नायलॉनची दोरी बांधली, वरपासून खालपर्यंत, आणि प्रत्येक पायरीच्या कडेला पांढऱ्या रंगाचा पट्टा मारला. त्यानंतर रोज संध्याकाळी त्या त्यांच्यामागून वर येत, स्टुलावर बसत आणि एक शब्दही बोलत नसत. बोललं की ह्यांचं लक्ष जातं, असं मला खुणेने सांगत. लाल टॉर्च त्याच धरत.

एप्रिलच्या शेवटी आर्द्रा मावळतीच्या उजेडात गेली. रजिस्टरात शेवटची नोंद आहे, 'डावा: दिसली नाही. उजवा: दिसली नाही.' त्याखाली त्यांनी फरक काढला. डावा डोळा आर्द्रेला दोन ते तीन हिस्से जास्त दाखवत होता. तीनातून दोन गेले की एक. पाच वर्षांच्या प्रत्येक नोंदीवर त्यांनी एकेक सरळ रेघ मारली, खालचा आकडा वाचता येईल अशी, आणि शेजारी नवा आकडा लिहिला. हे करायला पंधरा दिवस लागले. मी ते टाइप करून पाठवलं. एकही शब्द माझा घातला नाही.

उत्तर लवकर आलं. जुन्या नोंदी काढणार नाहीत, पण प्रत्येकीपुढे डोळ्याचा दोष आणि त्याचं माप लिहून ठेवतील, म्हणजे पुढे कोणी वापरील त्याला कळेल. मी भिंतीपाशी उभी राहून वाचून दाखवलं, आणि ह्या वेळी मोबाइल त्यांच्यापुढे धरून, ओळ दाखवत वाचलं. ते म्हणाले, "अच्छा." मग माईंना म्हणाले, "चलो, आता जूनमध्ये करून टाकू डावा."

जून आला नाही. मेच्या शेवटच्या आठवड्यात, सकाळी आंघोळ करून ते पेपर घेऊन खुर्चीत बसले आणि तिथेच गेले. माईंनी गच्चीवरून मला हाक मारली. ह्या वयात मी ती भिंत कशी ओलांडली ते आता आठवत नाही.

नेत्रदानाचा अर्ज त्यांनी कधीच भरून ठेवला होता. माईंनी कपाटातून कार्ड काढलं, पण फोन करायला त्यांचा हात होईना. "डावा तर खराब आहे ताई," त्या म्हणाल्या. "खराब वस्तू कोणाला कशी द्यायची? ह्यांना चाललं नसतं." फोन मी केला. तासाभरात नेत्रपेढीतून एक तरुण मनुष्य आला. त्याला मी पहिल्यांदा तेच विचारलं. तो नम्रपणे म्हणाला, "चलेगा, अम्मा जी. हमें बस ऊपर का कॉर्निया चाहिए, अंदर का लेंस नहीं."

म्हणजे डोळ्याची बाहेरची काच. ती त्यांची दोन्ही डोळ्यांची स्वच्छ होती.

काम झाल्यावर त्याने फॉर्म भरायला घेतला. पूर्वीच्या आजारांच्या रकान्यात त्याने 'मोतियाबिंद' एवढंच लिहिलं. मी म्हटलं, कौन-सी आँख, वह भी लिखिए. तो म्हणाला, "उससे फ़र्क नहीं पड़ता, अम्मा जी."

"उनको पड़ता था," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि लिहिलं. उजवा, ऑपरेशन झालेला. डावा, तसाच.

माई भिंतीला टेकून बसल्या होत्या. आता म्हणाल्या, "डावा त्यांनी मुद्दाम ठेवला होता. तेही लिहा."

फॉर्मवर त्यासाठी रकाना नव्हता. म्हणून इथे लिहून ठेवलं.